म्युनिक की आइंडहोवन? आधी मुलीचं वय बघा

वाचकाचं पत्र

ताई, नवऱ्याला दोन ठिकाणांहून ऑफर आल्या आहेत, जर्मनीत म्युनिक आणि नेदरलँड्समध्ये आइंडहोवन. पगारात उन्नीस-बीसचा फरक. मुलगी मेमध्ये आठ वर्षांची झाली, दुसरी संपली. मुलगा चार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत. नवरा म्हणतो, दोन्ही युरोपच, काय फरक पडतो? मावसबहीण जर्मनीत असते, ती म्हणते तिथे दहाव्या वर्षीच मुलांची वर्गवारी होते आणि एकदा खाली गेलं की संपलं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, नेदरलँड्समधली मुलं जगात सगळ्यात आनंदी, पण अभ्यासाच्या नावाने शंख. सासूबाईंना वेगळीच काळजी: नातवाला आत्ताच शंभरपर्यंत आकडे आणि ए टू झेड लिहिता येतं, तिकडे जाऊन तो सगळं विसरेल. मी ऑडिटमध्ये नोकरी करते, ती सोडावी लागेल. नवरा म्हणतो पाचच वर्षं. मुलांसाठी कुठला देश चांगला? जुलैअखेर निघायचं आहे.

— दोन ऑफरांमध्ये अडकलेली, पुणे

उत्तर

सस्नेह नमस्कार.

मी गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहते आणि माझी नणंद म्युनिकजवळ. तेव्हा माझा कल कुठे असणार हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. पण तुम्हाला आइंडहोवन सुचवतेय ते त्या कलापोटी नाही, तुमची मुलगी आठ वर्षांची आहे म्हणून. ती पाच वर्षांची असती तर मी सांगितलं असतं, नवऱ्याला जिथलं काम आवडेल तिथे जा. कुठला देश चांगला, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमचं मूल कितव्या वर्षी तिथे पोचतंय आणि तिथली वर्गवारी कितव्या वर्षी होते, या दोन आकड्यांमध्ये किती महिने उरतात ते मोजा.

म्युनिक जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात येतं. तिथे प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, फक्त चार वर्षांची. चौथीच्या मे महिन्यात प्रत्येक मुलाच्या हातात एक दाखला पडतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींच्या गुणांची त्यावर सरासरी असते. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट, आपल्या उलट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर जिम्नॅशियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले, म्हणजे मधली, त्यापुढे मिटेलशूले, म्हणजे मुख्यतः धंदेशिक्षणाकडे नेणारी. मूल हुकलं तर तीन दिवसांचे चाचणी-तास असतात, त्यात पुन्हा संधी मिळते. पण 'आमच्या मुलीला जिम्नॅशियमलाच घाला' असं आईवडिलांनी नुसतं म्हणून भागत नाही. तुमची मुलगी सप्टेंबरमध्ये तिसरीत बसेल. त्या दाखल्यापर्यंत तिच्या हातात वीस महिने. त्यातले पहिले सहा-आठ महिने तर बाईंचं बोलणं कानावर पडून काही कळायलाच जातील. आणि ज्या तीन विषयांवर सगळं ठरतं, त्यातला एक जर्मन भाषाच आहे आणि दुसरा सगळा जर्मनमधून लिहायचा.

या वीस महिन्यांत घरात काय होतं ते मी नणंदेकडे पाहिलंय. चौथीत चाचण्या लागोपाठ येतात, दीड डझनाच्या आसपास. प्रत्येक पेपर तपासून घरी येतो आणि त्यावर पालकाची सही लागते. नणंदेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला पोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या बाजूला 'जंगलातले थर' या धड्याची चाचणी, त्यात तांबड्या शाईने अडीच गुण कापलेले. भाच्याने शेवाळाला योग्य थरात ठेवलं होतं, फक्त शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. नणंदेचा नवरा, जो एरवी मुलाचा वर्ग कुठला हेही विचारून सांगतो, तो कॅलक्युलेटर घेऊन सरासरी काढत बसलेला. २.३३ की २.६६? जर्मन आयाही काही शांत नसतात बरं का. चौथीतल्या मुलांची शिकवणी लावणाऱ्या तिथेही भरपूर. आपल्याकडच्या दहावीची कळा तिथे नऊ-दहा वर्षांच्या लेकरांच्या घराला येते, एवढंच.

आता आइंडहोवन. डच प्राथमिक शाळा आठ वर्षांची, चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत. वर्गांना ग्रूप १ ते ८ म्हणतात. तुमची मुलगी ग्रूप ५ मध्ये बसेल. वर्गवारी इथेही आहे, त्यात सवलत नाही. ग्रूप ८ मध्ये जानेवारीत शाळा आधी आपलं तात्पुरतं मत सांगते, फेब्रुवारीत डोअरस्ट्रोमटूट्स नावाची देशभराची चाचणी होते आणि मार्चमध्ये अंतिम शिफारस मिळते: धंदेशिक्षणाकडे नेणारं व्हीएमबीओ चार वर्षांचं, मधलं हावो पाच, व्हीडब्ल्यूओ सहा. विद्यापीठाचा थेट रस्ता व्हीडब्ल्यूओमधून जातो. त्यात मला आवडणारी एक गोष्ट म्हणजे चाचणी शाळेच्या मतापेक्षा चांगली गेली तर शाळेने शिफारस वाढवणं अपेक्षित असतं, पण वाईट गेली म्हणून ती खाली आणता येत नाही. एक वाईट सकाळ मुलाला बुडवत नाही. शिवाय बऱ्याच माध्यमिक शाळांत पहिलं वर्ष, कधी पहिली दोन वर्षं, हावो आणि व्हीडब्ल्यूओची मुलं एकाच वर्गात असतात. म्हणजे निर्णय आणखी थोडा पुढे ढकलला जातो.

ग्रूप ५ च्या सुरुवातीपासून त्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन वर्षं होतात. तिकडे वीस महिने, इकडे साडेतीन वर्षं. आठ वर्षांचं मूल साडेतीन वर्षांत भाषा अशी उचलतं की आईचे उच्चार सुधारायला लागतं. मला माझ्या मुलीने भर दुकानात सुधारलंय.

तुमच्या मावसबहिणीचं 'संपलं' मात्र मला पटत नाही. रेआलशूले झाल्यावर फाखओबरशूलेतून, म्हणजे धंदेविषयक उच्च माध्यमिक शाळेतून, उच्चशिक्षणाकडे वळणारी मुलं बव्हेरियात ढीगभर आहेत. कारखान्यात उमेदवारी आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, अशी तिथली जी धंदेशिक्षणाची जोडपद्धत आहे, तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलाला समाजात मान असतो आणि पगारही बरा. डच बाजूलाही व्हीएमबीओ, मग हावो, मग पुढे, असं पायऱ्या चढत जाता येतं. शिवाय जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे, आणि बऱ्याच राज्यांत शाळेने काहीही सुचवलं तरी शेवटचा शब्द आईवडिलांचा. तुमच्या नशिबी नेमकं कडक राज्य आलंय. पायऱ्या दोन्हीकडे आहेत, पण आपली माणसं त्या चढायला नंतर तयार होतात आणि आधी दोन वर्षं रडतात, हेही मी पाहिलंय. डॉक्टर-इंजिनीअरच्या घरात मुलीला मिटेलशूले मिळालं की पुण्याला फोनवर काय सांगायचं, हा प्रश्न मुलीपेक्षा आईवडिलांना जास्त छळतो. तेव्हा आधी तुम्ही दोघं एकमेकांना खरं विचारा, की असं झालं तर चालेल का? दोघांचंही 'हो' मनापासून आलं, तर म्युनिकची निम्मी भीती गेली.

मैत्रिणीच्या वाक्याचा पहिला अर्धा बरोबर आहे. युनिसेफच्या श्रीमंत देशांच्या पाहणीत मुलांच्या एकूण सुस्थितीबाबत नेदरलँड्स २०१३, २०२० आणि २०२५ अशा तिन्ही वेळा पहिलं आलं. दुसऱ्या अर्ध्यासाठी पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे आकडे घ्या. २०२२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांच्या गणितात नेदरलँड्सला ४९३ आणि जर्मनीला ४७५ गुण होते, सहभागी विकसित देशांची सरासरी ४७२. म्हणजे 'अभ्यास शून्य' नाही. पण वाचनात नेदरलँड्स ४५९, जर्मनी ४८० आणि सरासरी ४७६. डच मुलं वाचनात घसरली आहेत, शिक्षक कमी पडताहेत, आणि इथल्या वर्तमानपत्रांत त्यावर रोज रडगाणं असतं. इथे दहापैकी सहा मिळाले की मूल, शिक्षक आणि बाप तिघंही खूश. तुम्हाला याचा त्रास होईल, मला अजूनही होतो. घरात पुस्तकं ठेवा आणि रोज झोपताना वाचून दाखवा, मराठीतून. शाळेच्या भरवशावर वाचनाची गोडी लागेल असं मी म्हणणार नाही.

जर्मनीचंही सगळं आलबेल नाही. पहिल्या पिसा चाचणीचे निकाल २००१ च्या अखेरीस लागले तेव्हा त्या देशाला धक्का बसला होता. गुण सरासरीखाली होतेच, शिवाय मुलाचं यश घरच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही उघडं पडलं. दहाव्या वर्षीच्या वर्गवारीवर तेव्हापासून वाद चालू आहे. बव्हेरिया जागचं हललेलं नाही.

धाकट्याचं म्हणाल तर त्याची मला काडीची काळजी नाही, कुठेही घेऊन जा. सासूबाईंना मात्र आधीच सांगून ठेवा की तो आकडे लिहायचं खरंच विसरणार आहे. म्युनिकमध्ये तो सहा वर्षांचा होईपर्यंत किंडरगार्टनमध्ये जाईल, आणि ही कल्पना मुळात जर्मनांचीच, फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. तिथे कुणी त्याच्या हातात पाटी देणार नाही. दाराशी खुंट्यांना रबरी विजारी टांगलेल्या असतात. पाऊस पडला की बाई मुलांना त्या चढवून चिखलात सोडतात आणि स्वतः छत्रीही घेत नाहीत. पाच वर्षांची मुलं धारदार सुरीने काठी तासत बसलेली दिसतील. नणंदेच्या सासूबाई ते पाहून पहिल्या दिवशी मटकन खाली बसल्या होत्या. आइंडहोवनला तो चौथ्या वर्षीच शाळेत जाईल, फी न भरता. पण ग्रूप १ आणि २ म्हणजे खेळच, वाचायला-लिहायला रीतसर सुरुवात ग्रूप ३ मध्ये, साधारण सहाव्या वर्षी. फरक पैशांचा आणि जागेचा आहे. म्युनिकमध्ये किंडरगार्टनला जागा मिळवणं हे घर मिळवण्याइतकंच अवघड काम. नेदरलँड्समध्ये चार वर्षांच्या मुलाची सोय शाळेतच होते.

तुमच्या नोकरीकडे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत, म्हणून मी थोडं थांबते. जोडीदाराला काम करायची मुभा तुमच्यासारख्या कुटुंबांना दोन्हीकडे मिळते. अडचण घड्याळाची आहे. बव्हेरियातली प्राथमिक शाळा साडेअकरा ते एकच्या दरम्यान सुटते, वारागणिक वेगळी. पुढे होर्ट, म्हणजे शाळकरी मुलांचं पाळणाघर, किंवा दुपारची देखभाल लागते आणि तिथेही रांग. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या देखभालीचा कायदेशीर हक्क आहे आणि तो दरवर्षी एकेका इयत्तेने वर सरकणार आहे, पण तुमची मुलगी कायम त्याच्या पुढे राहील. डच शाळा दोन-तीनपर्यंत चालते, बुधवारी बऱ्याच ठिकाणी दुपारीच सुट्टी. शाळेनंतरची देखभाल महाग आहे, पण दोघंही कमावत असाल तर सरकार त्यातला वाटा उचलतं. अर्धवेळ काम इथे इतकं रुळलेलं आहे की आठवड्यातून एक दिवस बाप घरी राहतो, याची कुणाला गंमतही वाटत नाही. ऑडिटसारख्या कामात इंग्रजीवर आइंडहोवन परिसरात दार उघडण्याची शक्यता मला जास्त वाटते. म्युनिकमध्ये जर्मनशिवाय तुम्हाला सुरुवातीला घरीच बसावं लागेल, आणि घरी बसलेली कंटाळलेली आई मुलीच्या चाचण्यांवर सगळा जीव लावते. हे कडू आहे, पण नणंदेनेच मला सांगितलंय आणि तुम्हाला सांगायला परवानगीही दिलीय.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच कडक: शाळा बुडवणं. 'तिकीट स्वस्त होतं म्हणून डिसेंबरात आठ दिवस आधी निघालो' हे दोन्ही देशांत चालत नाही. नेदरलँड्समध्ये यासाठी खास अधिकारी असतो आणि दंड होतो. बव्हेरियात तर सुट्टी लागायच्या आदल्या दिवसांत विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईवडिलांना गाठल्याच्या बातम्या २०१८ मध्ये गाजल्या होत्या. दिवाळीसाठी डच शाळा आधी कळवलं तर सणाची एक दिवसाची रजा देते. लग्नकार्याचं वेळापत्रक मात्र आता शाळेच्या सुट्ट्यांवर बेतावं लागेल, हे दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या कानावर आत्ताच घाला.

शाळेबाहेरचं बालपण मला दोन्हीकडचं आवडतं. मुलीला पोहायला येतं का? नसेल तर इथे नेदरलँड्समध्ये आल्या आल्या नाव घाला, यादी लांब असते. कालव्यांचा देश असल्यामुळे पोहण्याचं पहिलं प्रमाणपत्र हा घरचा सोहळाच असतो. मुलं अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात उतरतात. पाण्यात एक कापड सोडलेलं असतं, त्याला मोठं भोक. तीन मीटर पाण्याखालून पोहत जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. काठावर आज्या, मावश्या, फुलं, केक. माझी मुलगी त्यातून बाहेर आली तेव्हा मी ओरडले ते मराठीत, आणि शेजारचे डच आजोबा दचकले. पुढे ग्रूप ७ मध्ये सायकलची रस्त्यावरची परीक्षा होते, आणि बाराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेला आठ-दहा किलोमीटर एकटं सायकल मारत जातं, पावसातसुद्धा. बव्हेरियातही पहिलीतलं मूल एकटं चालत शाळेत जावं अशीच अपेक्षा असते. गाडीने दारापर्यंत सोडणाऱ्या पालकांकडे बाई कपाळाला आठ्या घालून बघतात. चौथीत पोलिसांकडून सायकलची परीक्षा, आणि हिवाळ्याआधी सेंट मार्टिन या संताच्या सणाच्या संध्याकाळी हाताने केलेले कंदील घेऊन गाणी म्हणत फिरणारी पोरं. सोसायटीतल्या वॉचमनच्या नजरेत वाढलेल्या तुमच्या लेकरांना हे मोकळेपण दोन्हीकडे मिळेल. पण संध्याकाळी खाली उतरून हाक मारली की दहा मुलं जमतात, ते विसरा. खेळायलाही आयांनी आयांना विचारून वार आणि वेळ ठरवायची असते. पहिल्या वर्षी मुलगी एकटी पडेल. डब्यातली पोळीभाजी पाहून कुणीतरी नाक मुरडेल आणि ती पाव-चीज मागायला लागेल. द्या पाव-चीज, रात्री वरणभात आहेच.

पाच वर्षांचं म्हणाल, तर नवऱ्यांची पाच वर्षं मला ठाऊक आहेत. तरीही खरंच तीनेक वर्षांत परतायचं पक्कं असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार करा. नेदरलँड्समध्ये काही आंतरराष्ट्रीय शाळांना सरकारी अनुदान असतं, तात्पुरत्या कामासाठी आलेल्यांच्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो आणि फी आवाक्यात राहते. म्युनिककडच्या खासगी आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते. कंपनी भरणार नसेल तर तो विषय तिथेच संपतो. राहायचा इरादा असेल तर मात्र सरळ स्थानिक शाळा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन वर्षं इंग्रजीत आणि मग दहाव्या वर्षी स्थानिक भाषेत, हा सगळ्यात वाईट पर्याय. तेवढंच वाईट म्हणजे दोन वर्षांनी म्युनिक सोडून आइंडहोवनला किंवा उलट. मुलगी तेव्हा नेमकी वर्गवारीच्या तोंडावर असेल.

आणि एवढं सगळं ऐकूनही काही कारणाने म्युनिकच ठरलं, तर आजपासून जर्मन सुरू करा, जुलैत नको. शिक्षक पुण्यात मुबलक आहेत. प्रवेश घेताना शाळेला तीन गोष्टी विचारा. तुमच्या पत्त्याला नेमून दिलेल्या शाळेत किंवा जवळपास नव्या मुलांसाठी जर्मनचा वेगळा वर्ग आहे का? मुलीला तिसरीऐवजी दुसरीत बसवता येईल का? एक वर्ष मागे पडणं पुण्यात नामुष्की वाटेल, तिथे ते बारा महिने सोनं आहेत. आणि जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांच्या भाषेच्या कच्चेपणाकडे दाखल्याच्या वेळी शाळा सवलतीने बघू शकते, ती सवलत ही शाळा कशी वापरते? बव्हेरियात प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावर ठरते, म्हणून भाड्याच्या करारावर सही करण्याआधी त्या पत्त्याची शाळा कुठली ते बघून घ्या. आइंडहोवनला शाळा तुम्ही निवडता, पण चांगल्या शाळा भरलेल्या असतात. तिथे नवागत मुलांचा भाषावर्ग कुठे भरतो आणि तिथून नेहमीच्या शाळेत कधी पाठवतात, हे आधी कळलं पाहिजे. शाळांना मेल या आठवड्यातच टाका. दक्षिण नेदरलँड्समध्ये जुलैत सहा आठवड्यांची सुट्टी लागते, तारीख दरवर्षी बदलते, आणि त्यानंतर शाळेत फोन उचलायलाही कुणी नसतं. बव्हेरियात ऑगस्ट सुरू होईपर्यंत वेळ आहे.